विसरलेल्या राजा-राण्यांचा वॉक, जुनं गोवं ते पणजी : जरूर करा, पण फोंड्याचं काय?

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच, आधी हे काय आहे ते सांगतो.

पणजीतली चार-पाच मुलंमुली मिळून हा वॉक चालवतात, सकाळी जुन्या गोव्यात, मग जेवणाची सुट्टी आणि उन्हं कलली की पणजीत. एका वेळी दहा-बाराच माणसं घेतात. विषय असा की १५१० ते १९१० अशी चारशे वर्षं गोवा लिस्बनच्या गादीखाली होता, त्या गादीवर बसलेल्यांपैकी जे कोणाच्या लक्षात नाहीत ते राजे आणि राण्या घ्यायच्या आणि त्यांच्या मागे इथे नेमकं काय उरलं ते बघायचं. आपण शाळेत वास्को द गामा शिकलो, अल्बुकर्क शिकलो आणि मग एकदम सालाझार आणि १९६१. मधल्या काळात राजा कोण होता विचारलं तर गोव्यातली शिकलेली माणसंसुद्धा गप्प बसतात, आणि मला हे खूप वर्षं खटकत होतं, कारण आमच्या घराण्याचा गाव बदलला, देव बदलले म्हणजे देवळाची जागा बदलली, जमिनीचे कागद बदलले, ते सगळं कोणाच्या तरी सहीने झालं ना? मग ती सही कोणाची हे कळायला नको?

सुरुवात व्हाइसरॉयच्या कमानीपाशी. गाईड सासष्टीची मुलगी, इतिहासात एम.ए. केलेली, आवाज खणखणीत. तिने सगळ्यांना पोस्टकार्डाएवढी कार्डं वाटली, एका बाजूला राजाचं नाणं किंवा चित्र, दुसरी बाजू कोरी, तुम्ही स्वतः लिहायचं की या माणसाने काय ठेवलं. कल्पना मला फार आवडली. कमान १५९९ ची, वास्कोचा पणतू फ्रान्सिस्को द गामा तेव्हा व्हाइसरॉय होता, त्याने पणजोबाच्या आठवणीसाठी उभारली, नदीकडे तोंड करून वास्को उभा आहे, आणि आज दिसते ती १९५४ मध्ये परत बांधलेली. तिने पहिलाच प्रश्न टाकला, ही कमान झाली तेव्हा पोर्तुगालचा राजा कोण होता? कोणालाच आलं नाही. उत्तर असं की स्पेनचा राजा!

म्हणजे झालं काय, सेबास्तियांव नावाचा एक राजा होता, तीन वर्षांचा असताना गादीवर आला आणि चोविसाव्या वर्षी मोरोक्कोत लढाईला गेला तो परत आलाच नाही, ४ ऑगस्ट १५७८, अल्कासेर किबीरची लढाई. लग्न नाही, मूल नाही. मागे म्हातारा चुलत आजोबा कार्डिनल हेन्रिक राजा झाला, तो धर्मगुरू, त्यालाही वारस असणं शक्य नव्हतं, १५८० मध्ये तो गेला आणि स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने पोर्तुगाल घेतलं. तिथून १६४० पर्यंत साठ वर्षं, एकामागून एक तीन फिलिप. पोर्तुगीज लोक सेबास्तियांवची अजून आठवण काढतात, धुक्यातून तो एक दिवस परत येणार अशी श्रद्धाच झाली होती तिकडे, आणि या तीन फिलिपांना उपरे म्हणून बाजूला टाकतात. पण गोव्यात उलट आहे. बॉम जेझू चर्चचं बांधकाम १५९४ ते १६०५, फिलिपांच्या काळातलं. सेंट ऑगस्टीनचं ते अजस्र चर्च १६०२ मध्ये पुरं झालं, तेही त्यांच्याच काळात. ही कमान त्यांच्याच काळातली. से कॅथेड्रलचं काम सेबास्तियांवच्या वेळी १५६२ मध्ये निघालं खरं, पण ते संपलं १६१९ मध्ये, म्हणजे परत फिलिप. आज जगभरातून लोक येऊन ज्याचे फोटो काढतात ते जुनं गोवं बरंचसं अशा राजांच्या राज्यात उभं राहिलं ज्यांना पोर्तुगीज स्वतःचे मानतच नाहीत. मी इतकी वर्षं या रस्त्याने जातोय, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

सेबास्तियांवबद्दल मात्र मला गाईडपेक्षा जास्त बोलायचंय. ती त्याची शोकांतिका सांगत होती, तरुण राजा वगैरे. ठीक आहे. पण गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं ते १५६० मध्ये, तेव्हा हा राजा सहा वर्षांचा होता आणि कारभार त्याची आजी कातारिना बघत होती, स्पेनचा सम्राट पाचवा चार्ल्स याची सख्खी धाकटी बहीण. तिकडे युरोपात तिची ओळख कसली तर पूर्वेकडच्या सुंदर वस्तू जमवणारी राणी, सिंहलद्वीपचं हस्तिदंती काम, चिनी पोर्सेलिन, म्युझियमवाले आजही तिचं कौतुक करतात. आणि त्याच दशकात कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदी ओलांडून आमच्या फोंड्याकडे आल्या. मी फोंड्याचा आहे, माझ्यासाठी कातारिनाच्या कार्डावर हस्तिदंत नाही लिहिता आलं. गाईडला हे बोललो तर ती म्हणाली, काका, म्हणूनच मागची बाजू कोरी ठेवलीय. बरं वाटलं. इन्क्विझिशन पुढे मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं, अडीचशे वर्षं.

बॉम जेझूमध्ये गर्दी होती, तिथे ती फार थांबली नाही, पण एक गोष्ट दाखवली ती झकास. सेंट झेवियरची शवपेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे तो चौथरा पोर्तुगीज नाहीच, तो दिला इटलीतल्या टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याने. झेवियरच्या डोक्याखालची उशी त्याला भेट मिळाली, त्याबदल्यात फ्लॉरेन्सच्या फोजिनी नावाच्या शिल्पकाराकडून हे काम करून घेतलं, वर्षानुवर्षं चाललं, आणि १६९८ मध्ये ते इथे बसलं. मेदिची म्हटलं की जगाला आठवतो तो लोरेंझो, हा कोझिमो त्यांच्या पडत्या काळातला, त्याच्या मुलावर घराणंच संपलं. इटलीत त्याच्याबद्दल चांगलं बोलणारे कमीच. पण पॉलिश केलेल्या त्या दगडाचे रंग बघा, पांढरा, पिवळसर, जांभळट, त्याखालचे ब्रॉन्झचे पॅनेल, झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग. लोक वरची चांदीची पेटी बघतात आणि पुढे सरकतात, तुम्ही खाली बघा.

याच पेटीपाशी तिने १६८३ चा प्रसंग सांगितला आणि तिथे आमच्या ग्रुपमधले सगळे मराठी लोक सावरून उभे राहिले. संभाजी महाराजांची फौज जुवे बेटावर आली, गोवा शहर समोर दिसतंय, आणि व्हाइसरॉय कोंदे द आल्वोर, फ्रान्सिस्को द तावोरा, इथे येऊन पेटी उघडायला लावून आपला राजदंड झेवियरच्या हाती देतो आणि म्हणतो आता तूच सांभाळ. मोगल फौज कोकणात उतरल्याने महाराजांना मागे फिरावं लागलं. आता यातला राजा कोण? सहावा अफोंसो. त्याची कहाणी ऐकून मला खरंच वाईट वाटलं. लहानपणीच्या आजाराने एक बाजू लुळी पडलेली, तेराव्या वर्षी राजा, पुढे सख्ख्या भावाने, पेद्रूने, सत्ता काढून घेतली, बायकोने लग्न रद्द करून घेऊन त्याच भावाशी लग्न केलं, आणि याला आधी अझोर्स बेटांवर आणि मग सिंत्राच्या राजवाड्यात एका खोलीत कोंडून ठेवलं. येरझाऱ्या घालून घालून त्या खोलीची फरशी झिजली असं सांगतात. तो मेला १२ सप्टेंबर १६८३ ला. म्हणजे नोव्हेंबरात मराठे जुव्यावर आले तेव्हा ज्याच्या नावाने व्हाइसरॉय लढत होता तो राजा मरून दोन महिने झालेले, आणि जहाजाने बातमी यायला सहा महिने तरी लागायचे.

त्याच आल्वोर घराण्यातला आणखी एक तावोरा १७५० ते ५४ इथे व्हाइसरॉय होता, परत गेल्यावर राजा पहिला जोझे याच्यावरच्या हल्ल्याच्या कटात तो आणि त्याची बायको दोघांनाही जानेवारी १७५९ मध्ये भर मैदानात मारलं. जोझे म्हणजे १७५५ च्या भूकंपानंतर दगडी घरात झोपायला घाबरणारा, तंबूत आणि लाकडी वाड्यात राहणारा राजा. कारभार सगळा त्याचा मंत्री पोंबाल याच्या हातात. जोझेचं कार्ड मी सगळ्यात जास्त भरलं आणि ते पुढे सांगतो.

सेंट ऑगस्टीनचे अवशेष. या एका स्टॉपसाठी पूर्ण वॉकचे पैसे वसूल आहेत. जांभ्या दगडाचा तो अर्धा मनोरा सगळ्यांनी लांबून बघितलेला असतो, पण आत उतरून चॅपेलांच्या रिकाम्या चौकटीतून फिरलात की जागेचा आकार कळतो. इथे जी राणी भेटते ती पोर्तुगालची नाहीच, जॉर्जियाची, काखेतीची राणी केतेवान. शाह अब्बासने तिला ओलीस ठेवलं, धर्म बदल म्हणून सांगितलं, तिने नाही म्हटलं, आणि १६२४ मध्ये शिराझला तिला तापलेल्या लोखंडाने छळून मारलं. तिथले ऑगस्टीनियन पाद्री तिचे अवशेष घेऊन निघाले आणि १६२७ मध्ये काही भाग गोव्यात आणला. जुन्या कागदांत लिहिलेलं होतं की चॅप्टर चॅपेलच्या दुसऱ्या खिडकीपाशी दगडी पेटीत ठेवलंय. मग १८३४ नंतर मठ बंद झाले, छप्पर कोसळलं, १९३१ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग आला खाली, सगळा ढिगारा. पुरातत्त्व खात्याने खणत खणत २००४ मध्ये हाड शोधलं, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासून २०१३ मध्ये ते तिचंच असल्याला दुजोरा दिला, आणि २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर स्वतः ते घेऊन तिबिलिसीला गेले. गाईडने आम्हाला त्या खिडकीसमोर उभं केलं. काही नाही तिथे, भिंतीतला एक चौकोन, जांभ्याला शेवाळ, खालची फरशी उखडलेली. पण एका परक्या बाईसाठी, जिचं राज्यसुद्धा आता नकाशावर नाही, चारशे वर्षांनंतर तीन देशांच्या लोकांनी कागद चाळले, माती चाळली, हे सगळं एका खिडकीच्या कोनाड्यासाठी. जॉर्जियात ती संत आहे, लिस्बनच्या ग्रासा मठात तिच्या छळाची अझुलेजो टाइल्सवर चित्रं आहेत, आणि गोव्यात, जिथे ती पावणेचारशे वर्षांहून जास्त होती, तिथे रस्त्यावर विचारा केतेवान कोण, बघा कोणी सांगतं का. माझ्या मते पूर्ण वॉकमधली सगळ्यात मोठी व्यक्ती हीच. तिने गोव्यात ना चर्च बांधलं ना कायदा केला, तरी.

जेवणाचा भाग पटकन सांगतो, फिश थाळी किंवा शाकाहारी, फीमध्ये धरलेली, साधी पण गरम. पाण्याची बाटली स्वतःची न्या. दुपारी पणजीला त्यांच्याच गाडीने नेतात.

पणजीत पहिला स्टॉप आबे फारियाचा, म्हणजे संमोहनविद्येत नाव काढलेल्या गोंयकार पाद्र्याचा पुतळा, जुन्या सचिवालयाशेजारी, रामचंद्र पांडुरंग कामतांनी १९४५ मध्ये केलेला. जवळ जाऊन बघा, हात असे पसरलेले की बोटांतून काहीतरी निघतंय वाटतं, आणि खाली मागे कलंडणारी बाई. इथली राणी म्हणजे पहिली मारिया, पोर्तुगालची स्वतःच्या हक्काने राज्य करणारी पहिली स्त्री, १७७७ ला गादीवर. फारियाची गोष्ट गोव्यात सगळ्यांना पाठ आहे, राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला, घाबरून शब्द फुटेना, तेव्हा वडिलांनी खालून कोकणीत म्हटलं, ही सगळी भाजी, कातर रे भाजी! आणि मग तो घडाघडा बोलला. गोष्ट माहीत, पण समोर बसलेली राणी कोण ते माहीत नव्हतं. याच राणीच्या काळात १७८७ चा पिंटोंचा उठाव झाला, कांदोळीच्या पिंटो घराण्यापासून सुरू झालेला, आपल्याच माणसांना वरची पदं का नाहीत म्हणून, आणि पणजीत १५ जणांना फासावर दिलं, पाद्र्यांना लिस्बनला नेऊन खटल्याशिवाय तुरुंगात टाकलं. स्वभावाने ती दयाळू आणि फार देवभोळी होती म्हणतात. १७९२ पासून तिचं मन पूर्ण बिघडलं, १८०७ मध्ये नेपोलियनच्या भीतीने अख्खा दरबार ब्राझीलला पळाला तेव्हा तिलाही नेलं, आणि १८१६ मध्ये ती रिओतच गेली. तिच्या दयाळूपणाचा त्या पंधरा जणांना काय उपयोग झाला हा प्रश्न मी गाईडला विचारला, तिने सरळ सांगितलं, काहीच नाही.

मग तिची पणती, दुसरी मारिया. हिच्याबद्दल मी भरभरून लिहिणार कारण पणजीत रोज कामाला जाणाऱ्या प्रत्येकाने हिचं नाव माहीत करून घ्यायला हवं. जन्म रिओचा, सात वर्षांची असताना राणी, काकानेच गादी बळकावली, वडिलांनी युद्ध करून १८३४ मध्ये परत मिळवून दिली. तिच्या राज्यात बेर्नार्दो पेरिश द सिल्वा, नेवऱ्याचा आपला माणूस, गोव्याचा प्रमुख म्हणून नेमला गेला, पहिला आणि त्या काळातला एकमेव गोंयकार, इथल्या गोऱ्या लष्करवाल्यांनी त्याला सतरा दिवसांत हाकललं. १८४२ मध्ये मेडिकल स्कूल, आजच्या गोवा मेडिकल कॉलेजची मूळ शाळा. आणि २२ मार्च १८४३ च्या फर्मानाने पणजी झाली नोव्हा गोवा, अधिकृत राजधानी. मठ बंद झाले तेही तिच्याच नावाने, म्हणजे सकाळी बघितलेला तो ऑगस्टीनचा ढिगारा आणि संध्याकाळची ही टुमदार पणजी एकाच राणीच्या काळातल्या निर्णयांची दोन टोकं. ऑगस्टीनच्या मनोऱ्यातली घंटा पुढे आग्वादच्या दीपगृहावर आणि तिथून १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर आली, ती अजून वाजते. अकराव्या बाळंतपणात वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेली बिचारी, १८५३. तिच्या नवऱ्याने, फेर्नांदोने, सिंत्राला बांधलेला पेना राजवाडा सगळ्या जगाला माहीत आहे, ती नाही.

आता तो अर्धा स्टार.

एक, ब्रागांझाची कातारिना, सेबास्तियांवच्या आजीपेक्षा वेगळी. मराठी माणसाला सगळ्यात जवळची युरोपियन राणी, कारण हिच्या हुंड्यात मुंबई गेली, आणि हिला फक्त गाडीत बसल्या बसल्या पाच मिनिटं? अहो, यात गोव्याचा भाग केवढा मोठा आहे! तह १६६१ चा, केला तिच्या आईने, लुईझा द गुझमांव, जन्माने स्पॅनिश आणि स्पेनविरुद्ध पोर्तुगालचा कारभार धरून बसलेली बाई. गोव्यातला व्हाइसरॉय आंतोनियो द मेलू इ काश्त्रू मुंबई द्यायला तयारच नव्हता, त्याने राजाला लिहिलं की इंग्रज मुंबईत बसले त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला समजा. तोवर इंग्रजांची तुकडी काणकोणच्या खाली अंजदीव बेटावर अडकून रोगाने मरत होती, त्यांचा कमांडर शिपमनसुद्धा तिथेच मेला. शेवटी फेब्रुवारी १६६५ मध्ये ताबा दिला, आणि तीन वर्षांत इंग्लंडच्या राजाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंडांवर देऊन टाकली. इंग्लंडला कातारिना आठवते ती चहासाठी. मूल नाही, नवऱ्याच्या बाहेरच्या बायका अनेक, तो गेल्यावर परत लिस्बनला आली आणि म्हातारपणी भावाच्या जागी राज्य चालवून दाखवलं. हिच्यासाठी दोनापावलाला समुद्राकडे तोंड करून अर्धा तास द्या ना.

दोन, आणि हे महत्त्वाचं, सगळा वॉक तिसवाडीतच, म्हणजे जुनं गोवं आणि पणजी ज्या तालुक्यात आहेत तिथेच फिरतो. पाचव्या जुआंवला ब्राझीलच्या सोन्याचा, माफ्राच्या राजवाड्याचा राजा म्हणून मोठं कार्ड दिलंय, पण त्याच्याच राज्यात १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा आमच्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा, १७२१ ची, त्याच राजाच्या काळातली. हे न सांगता तो राजा पुरा होतो का? आणि जोझे, तो तंबूतला राजा, त्याच्याच काळात १७६३ मध्ये फोंडा पोर्तुगीजांकडे गेला, सौंदेकर राजा आपलं राज्य हैदरअलीला गमावून गोव्यात आसऱ्याला आला आणि बांदिवड्याला राहिला, पुढे मारियाच्या काळात १७८८ ला पेडणे. पण या नव्या काबिजादीत, म्हणजे नंतर घेतलेल्या मुलखात, देवळं पाडली नाहीत, लोकांच्या रीतीभाती राहू दिल्या, कारण दोनशे वर्षांत तिकडचे वारे बदलले होते. म्हणूनच कवळ्याची शांतादुर्गा आणि मंगेशी आज आहेत तशा आहेत. सेबास्तियांवच्या आजी कातारिनाने जे हाकललं ते एका जोझेच्या वेळी राहू दिलं, ही तुलना या वॉकचा कणा व्हायला हवी होती, आणि ती करायची तर बांदिवड्यापर्यंत गाडी न्यावीच लागेल.

भाषेचं सांगून ठेवतो, माहिती मुळात इंग्लिशमध्ये असते, बुकिंग करतानाच मराठी किंवा कोकणी हवी म्हणून सांगा, चार-पाच जण असलात तर करतात, आणि ती मुलगी दोन्हीत सुरेख बोलते. शुक्रवार टाळा, पुरातत्त्व खात्याचं म्युझियम बंद असतं आणि व्हाइसरॉयांची पोर्ट्रेट्स बघायची राहतात. शेवटी पहिल्या लुईशचा १८८२ चा चांदीचा रुपया हातात देतात, एका बाजूला राजाचं डोकं, दुसरीकडे उमा रुपिया. असले रुपये पेडणे-डिचोलीकडच्या बऱ्याच घरांत आजीच्या डब्यात पडलेले असतील, असेल तर घेऊन जा, ती मुलं फार आनंदाने बघतात आणि कोणत्या राजाचा ते लगेच सांगतात.